जुन्या कुटुंबचित्राची प्रतिकृती करत तैलरंग शिकणं: पहिल्या रेषेपासून वॉर्निशपर्यंत

पहिली प्रतिकृती करायला घेतली तेव्हा मी थेट चेहऱ्यापासून सुरुवात केली होती. पांढराशुभ्र कॅनव्हास, बारीक ब्रश आणि तीन आठवडे एका मुलीचा गाल. गाल मनासारखा उतरला. मग त्याच्या मागे आईच्या झग्याचा काळा रंग लावला आणि बघता बघता तोच गाल खडूसारखा पांढराफटक दिसायला लागला. गालाचा रंग तोच होता, शेजार बदलला होता. अख्खा चेहरा पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट पात्याने, खरवडून काढावा लागला.

त्या दिवशी जे कळलं त्यावरच हा लेख उभा आहे. प्रतिकृती करताना आपण चित्राचा पृष्ठभाग उतरवायला बसतो, पण शिकायचे असतात ते चित्रकाराने घेतलेले निर्णय आणि त्यांचा क्रम. आधी काय मांडलं, कशाला थांबवून ठेवलं, कुठे हात आखडता घेतला. कुटुंबाचं वास्तववादी चित्र यासाठी फार चांगलं. एकाच चौकटीत वेगवेगळ्या वयाचे चेहरे, हात, कापड, भिंत, सामान आणि माणसामाणसांमधलं अंतर, सगळं सापडतं.

चित्र कोणतं घ्यावं

मी फ्रेंच चित्रकार एदगार देगाचं ‘बेल्लेली कुटुंब’ सुचवेन, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच चित्रावर सांगेन. देगाने १८५८ मध्ये फ्लॉरेन्सला आत्याकडे राहायला असताना या चित्राची तयारी सुरू केली. ते पुरं व्हायला १८६७ उजाडलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. डावीकडे आत्या लॉरा काळ्या वेषात ताठ उभी आहे. तिचे वडील, म्हणजे देगाचे आजोबा, नुकतेच गेले होते. लाल खडूतलं त्यांचं रेखाचित्र तिच्या मागच्या भिंतीवर टांगलेलं दिसतं. तिच्या पुढ्यात थोरली मुलगी जोव्हाना उभी आहे आणि तिच्या खांद्यावर आईचा हात आहे. मधोमध धाकटी जुलिया एक पाय मुडपून, कमरेवर हात ठेवून खुर्चीत बसली आहे. उजवीकडे वडील जेन्नारो आरामखुर्चीत, आपल्याकडे जवळजवळ पाठ करून. त्यांचा चेहरा फक्त बाजूने दिसतो.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने या चित्रात तीन सोयी आहेत. रंग मोजके आहेत: काळा, पांढरा, फिकट निळा, तपकिरी आणि त्वचेचे रंग. आकार मोठे आणि स्पष्ट आहेत. आणि मूळ चित्र साधारण २०० बाय २५० सेंटिमीटर, म्हणजे ४:५ या प्रमाणातलं आहे, त्यामुळे ४० बाय ५० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर ते बरोबर एकपंचमांश होऊन बसतं. तुमच्याकडचा १ सेंटिमीटर म्हणजे मुळातले ५. मोजमाप तोंडी करता येतं.

शिवाय देगा स्वतः याच वाटेने शिकला. १८५३ मध्ये त्याने लूव्हर संग्रहालयात प्रतिकृती करणारा म्हणून नाव नोंदवलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं तो जुन्या चित्रांसमोर बसून काम करत राहिला. या कुटुंबचित्रासाठीही त्याने डोक्यांचे, हातांचे, बसण्याच्या ढबींचे सुटे अभ्यास केले. ते अभ्यास शोधून जरूर पाहा. पुरं झालेलं चित्र जे लपवतं ते त्यांच्यात उघडं दिसतं.

दुसरं चित्र घ्यायचं असेल तर प्रकाशाची दिशा स्पष्ट असलेलं, रंग थोडे असलेलं आणि चांगली प्रतिमा मिळेल असंच घ्या. आंरी फांतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराचं ‘द्युबूर्ग कुटुंब’ हे १८७८ चं चित्रही असंच शांत आणि मोजक्या रंगांचं आहे.

प्रतिमा: एकच धरा

एकाच चित्राच्या दहा प्रतिमा शोधल्या तर भिंत दहा निळ्यांची दिसेल. शक्य तर ज्या संग्रहालयात चित्र आहे त्यांच्याच संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा घ्या, आणि एकदा घेतली की शेवटपर्यंत तीच ठेवा. अध्येमध्ये प्रतिमा बदलली की मिश्रणं चुकायला लागतात आणि दोष आपल्या हाताला देत बसतो. फोनवरून रंगवू नका. त्याचा उजेड आपोआप कमीजास्त होतो आणि रात्री पडदा पिवळा पडतो. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, कागदावरचा प्रिंट सर्वांत भरवशाचा. एक प्रिंट रंगीत आणि एक कृष्णधवल काढा. कृष्णधवल प्रिंट रंगीतापेक्षा जास्त वेळा बघावा लागणार आहे.

एक नाही, दोन कॅनव्हास

४० बाय ५० च्या कॅनव्हासवर पूर्ण चित्र उतरवलं तर लॉराचं डोकं जेमतेम चार सेंटिमीटरचं येतं. एवढ्या चेहऱ्यात पापण्या काढायला बसलात की हातात शून्य नंबरचा ब्रश येतो आणि तैलरंगाचं शिक्षण तिथेच थांबतं. म्हणून मी दोन कॅनव्हास करायला सांगते, दोन्ही ४० बाय ५० चे.

पहिल्यावर पूर्ण चित्र, पण नाकडोळ्यांशिवाय. फक्त मोठे आकार, उजेड-अंधार आणि रंगांचे संबंध. दुसऱ्यावर मूळ चित्रातला ४० बाय ५० सेंटिमीटरचाच एक तुकडा, मूळ मापात: जोव्हानाचं डोकं, खांदा आणि त्यावर विसावलेला आईचा हात. या तुकड्याचा प्रिंटही त्याच मापाचा काढून घ्या, म्हणजे कॅनव्हासशेजारी उभा करून डोळ्याने थेट ताडता येतो. आठवड्यातून तीन बैठका, प्रत्येकी दोन तास, असं धरलं तर एकेका कॅनव्हासला चार-पाच आठवडे लागतात.

सामान

रंग सात पुरेत: टायटॅनियम व्हाइट, आयव्हरी ब्लॅक, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या. ब्रश हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, फ्लॅट (सपाट) आणि फिलबर्ट (सपाट पण गोलसर टोकाचे) मिळून पाच-सहा, चार नंबरपासून दहापर्यंत. मऊ केसांचे दोन गोल ब्रश शेवटच्या कामासाठी. एक पॅलेट नाइफ, जवसाचं तेल, रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला मिनरल स्पिरिट, जुन्या सुती चिंध्या, छोटा आरसा. पॅलेट, म्हणजे रंग कालवायची पाटी, पांढरी नको. काचेची घेऊन तिच्याखाली करडा कागद ठेवलात तर मिश्रणाचा खरा गडदपणा कळतो.

कॅनव्हास गेसो, म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायचा पांढरा अस्तराचा थर, लावलेला हवा. कच्च्या कापडावर तैलरंग लावला तर तेल धाग्यांत मुरतं आणि कापड कालांतराने ठिसूळ होतं. तयार कॅनव्हासवर आधीच गेसो असतो, तरी आणखी एक थर देऊन हलका घासून घेतला तर ब्रश चांगला सरकतो.

आता चिंध्यांबद्दल, आणि हे मनापासून ऐका. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या आतल्या आत तापतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. चिंधी बाहेर सपाट पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. खोलीला वारा हवा, आणि रंगाच्या हाताने खाणंपिणं नको.

ब्रश उचलण्याआधी

दोन दिवस नुसतं पाहा. खरंच. काडेपेटीएवढ्या चौकटी आखून पेन्सिलीने फक्त तीन टोनमध्ये चित्र मांडा: गडद, मधला, उजळ. पाच-सहा वेळा केलंत की लक्षात येतं की आई आणि थोरली मुलगी मिळून एकच मोठा काळा त्रिकोण आहे. त्याला तोलणारा दुसरा काळा ठोकळा उजव्या कडेला, वडिलांचा. या दोहोंमध्ये मुलींच्या पांढऱ्या एप्रनचे तुकडे उजळतात आणि मागची निळसर भिंत मधला टोन धरून ठेवते.

मग उभ्या रेषा शोधा. टेबलाचा पाय, शेकोटीची कड, आरशाची चौकट. या सगळ्या मिळून वडिलांना बाकीच्या तिघींपासून वेगळं करतात. घरातला ताण देगाने चेहऱ्यांवर जितका दाखवला तितकाच या उभ्या रेषांतही दाखवला आहे. हे दिसलं की टेबलाचा पाय नुसतं सामान राहत नाही आणि तो अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे गेला तर चालणार नाही हे आपोआप कळतं. जुलिया मधोमध का बसली आहे, ती कुणाकडे वळली आहे आणि कुणाकडे वळलेली नाही, हेही याच वेळी वहीत लिहून ठेवा. रंगवताना आपण कशासाठी काय करतोय याचा विसर पडला की ही टिपणं उपयोगी येतात.

जमीन रंगवणं

जमीन म्हणजे चित्राखाली कॅनव्हासभर दिलेला पहिला रंग. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो आणि आपण सगळंच फिकट लावत जातो. माझा गाल तिथेच फसला होता. रॉ अंबरमध्ये भरपूर स्पिरिट घालून पातळ पाणी करा, कॅनव्हासभर लावा आणि चिंधीने पुसून मध्यम तपकिरी टोन ठेवा. एक-दोन दिवसांत वाळतो, कारण अंबरमधल्या मँगनीजमुळे तेल लवकर घट्ट होतं. घाई असेल तर अ‍ॅक्रिलिकने जमीन रंगवली तरी चालते. उलट मात्र कधीच नाही: तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पुढे सुटून येतं.

रेखाटन

चौकटी आखून चित्र उतरवणं ही जुनी पद्धत आहे आणि तिच्यात कमीपणा नाही. पाच सेंटिमीटरच्या चौकटी घेतल्या तर आडव्या दहा आणि उभ्या आठ नेमक्या बसतात. पण ऐंशी चौकटी भरताना आपण ऐंशी सुटे तुकडे काढतो आणि डोळा माप घ्यायला शिकत नाही. मी मधला मार्ग काढला आहे. मूळ प्रिंटवर आणि कॅनव्हासवर फक्त दोन कर्ण, एक उभी आणि एक आडवी मध्यरेषा आखते. त्यांच्या आधाराने बाकी सगळं नजरेने मांडते. रेखाटन पुरं झालं की मगच प्रिंटवर चौकटी टाकून पडताळते. कुठे चुकलं ते तेव्हा कळतं, आणि दर वेळी एकाच बाजूला चुकत असेन तर तेही.

कोळशाने मांडा. आधी वस्तू नकोत, कोन हवेत: लॉराच्या डोक्यापासून झग्याच्या घेरापर्यंतचा तिरकस उतार, जुलियाच्या कोपरांचे कोन, वडिलांच्या पाठीचा बाक. त्यानंतर माणसांच्या मधल्या मोकळ्या जागा बघा. जुलियाचा कोपर आणि कंबर यांच्यामधून दिसणारा तुकडा बरोबर आला तर हात आपोआप बरोबर येतो. हात ‘हात’ म्हणून काढायला गेलं की डोक्यात साठलेला हात कागदावर उतरतो, समोरचा नाही.

आरशात बघा. प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून बघा. मग कोळसा झटकून टाका, अंधूक खूण उरेल, ती पातळ अंबरने ब्रशने पक्की करा. सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या करू नका. जिथे कडा अंधारात विरते तिथे रेषाही विरू द्या.

रेखाटनाला तीन बैठका लागल्या तरी लागू देत. रंगात चूक दुरुस्त होते. प्रमाणातली चूक रंगाखाली दबून बसते आणि शेवटच्या दिवशी डोकं वर काढते.

एका रंगातलं पहिलं चित्र

आता अंबर थोडं दाट घेऊन गडद भाग भरा आणि उजेडाचे भाग स्पिरिटमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या चिंधीने पुसून काढा. पुसून उजेड काढण्यात एक सुख आहे: चेहरा धुक्यातून वर आल्यासारखा दिसायला लागतो. पांढरा रंग अजून वापरू नका. या टप्प्याला सगळ्यात मोठा ब्रश हातात हवा.

कृष्णधवल प्रिंट शेजारी ठेवून डोळे बारीक करून दोन्हीकडे बघा. डोळे किलकिले केले की तपशील नाहीसा होतो आणि टोन उरतात. इथेच जमायला हवं. तीन मीटरवरून काळा त्रिकोण, उजवा ठोकळा, पांढरे एप्रन आणि मधली भिंत यांचं नातं मूळ चित्रासारखं वाटलं नाही तर रंग लावून ते वाटणार नाही. दोन-तीन दिवस वाळू द्या.

रंग: मोठे आकार आधी

पहिल्या कॅनव्हासवर क्रम असा: भिंत, काळे कपडे, जमिनीवरचा गालिचा, एप्रन, आणि मग चेहरे-हात. प्रत्येक आकाराला आधी एकच सरासरी रंग.

मिश्रण पॅलेटवर नाइफने करा आणि थेट कॅनव्हासवर न्यायच्या आधी ताडून बघा. प्रिंटवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद टाका आणि रंगाचा ठिपका त्याच जागी लावा. ठिपका दिसेनासा झाला तर मिश्रण बरोबर. दिसला तर स्वतःला तीनच प्रश्न विचारा, आणि याच क्रमाने: गडद आहे की उजळ? उबदार आहे की थंड? भडक आहे की मळका? नवीन माणूस नेहमी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि तासभर निळा-पिवळा मिसळत बसतो, तेव्हा दोष पहिल्या प्रश्नात असतो.

भिंतीसाठी आधी नुसता काळा आणि पांढरा मिसळून बघा. आयव्हरी ब्लॅकची एक गंमत आहे. पांढऱ्यात गेला आणि शेजारी तपकिरी असला की तो निळाच वाटतो. त्यात अल्ट्रामरीनचा कण आणि किंचित ऑकर घातलं की भिंत जवळ येते. वॉलपेपरची फुलं मोजू नका. पाया वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने, भिंतीच्याच रंगापेक्षा थोड्या उजळ आणि थोड्या गडद छटांनी नक्षीची चाल दाखवा. फूल न् फूल उठून दिसलं तर भिंत माणसांच्या पुढे येते. गालिच्यालाही हेच लागू.

काळा आणि पांढरा

या चित्रात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून थोडं थांबूया.

ट्यूबमधला काळा तसाच लावला तर झगा म्हणजे कॅनव्हासला पडलेलं भोक वाटतं. प्रिंट नीट पाहा: उजेडाकडचा काळा प्रत्यक्षात गडद करडा आहे, कुठे उबदार, कुठे थंड. मी काळ्याचे तीन ढीग करते. एक आयव्हरी ब्लॅक आणि बर्न्ट सिएनाचा उबदार. दुसरा ब्लॅक आणि अल्ट्रामरीनचा थंड. तिसरा पहिल्या दोहोंत थोडा पांढरा आणि ऑकर घालून उजेडाकडच्या घड्यांसाठी. सर्वांत गडद काळा दोन-तीन जागांसाठी राखून ठेवा. तो सगळीकडे पसरला की शेवटी जोर द्यायला काही उरत नाही.

पांढऱ्याचं उलट. जोव्हानाच्या एप्रनवर मी आधी जवळजवळ शुद्ध पांढरा लावला होता, कारण डोक्यात पक्कं होतं की एप्रन पांढरा असतो. मग करड्या पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडलं आणि त्यातून प्रिंटवरच्या एप्रनची सावली पाहिली. भोकात दिसत होता निळसर करडा, ओल्या सिमेंटसारखा. तोच पुठ्ठा उजेडाच्या भागावर नेला, तर तिथेही शुद्ध पांढरा नव्हता, किंचित पिवळसर राखी होता. पुठ्ठा बाजूला केला की दोन्ही पुन्हा पांढरे! शेजारच्या काळ्यामुळे ते पांढरे वाटत होते. हा पुठ्ठा सगळ्यांनी बनवावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि डोळ्याला त्याच्याइतकं चटकन शिकवणारं दुसरं साधन मला अजून सापडलेलं नाही.

एप्रनचा उजेड जरा जाड लावा, सावली पातळ ठेवा. जाड रंगावर खरा उजेड पडतो आणि तो भाग पुढे येतो. पातळ सावली मागे सरते.

दुसरा कॅनव्हास: चेहरा आणि हात

पहिल्या कॅनव्हासवर चेहऱ्यांना दोनच टोन द्या आणि थांबा. चेहरा शिकायचा तो मूळ मापात.

जमीन, रेखाटन आणि अंबरचं पुसकाम तसंच करा. पण त्वचेला हात लावण्याआधी जोव्हानाच्या मागचा आईचा काळा झगा आणि मुलीच्या केसांचा गडद रंग आधी लावून घ्या. ज्या शेजारात गाल राहणार आहे तो शेजार आधी हवा.

त्वचेचा मधला रंग पांढरा, ऑकर आणि थोडासा लाइट रेड यांतून निघतो. त्याचेच तीन ढीग करा: मधला, उजळ, गडद. उजळासाठी पांढरा आणि ऑकर. गडदासाठी लाइट रेड, बर्न्ट सिएना आणि अगदी कणभर अल्ट्रामरीन. उजेड आणि सावली यांच्यामधली पट्टी, जिला स्टुडिओत हाफटोन म्हणतात, ती किंचित थंड असते. तिथे काळ्या-पांढऱ्याचा राखाडी मधल्या रंगात मिसळला की त्वचेखाली रक्त आहे असं वाटायला लागतं. नुसता पांढरा घालून उजळ करत गेलात तर चेहरा पावडर लावल्यासारखा होतो.

आता चेहरा सपाट पातळ्यांत मांडा, जणू लाकूड तासून डोकं घडवताय. कपाळाची समोरची पातळी, कानशिलाची बाजूची, नाकाची वरची, बाजूची आणि खालची, गालाच्या हाडाखाली वळणारी. प्रत्येक पातळीला ब्रशचा एकच फटका, एकच रंग. डोळे नंतर. आधी डोळ्याची खोबण, म्हणजे भुवईखालचा सगळा खड्डा एका टोनमध्ये. मग त्यात डोळ्याचा अख्खा गोळा बसवलेला आहे हे लक्षात ठेवून वरच्या पापणीची सावली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, पुठ्ठ्यातून बघा. तो उजळ झाला की मुलगी घाबरल्यासारखी दिसते. ओठांना बाह्यरेषा देऊ नका. वरचा ओठ बहुधा सावलीत, खालचा उजेडात, मधली फट सगळीकडे सारखी गडद नसते.

फटके मांडून झाले की लगेच मऊ ब्रशने घोटू नका. हा मोह सगळ्यांना होतो. घोटलेला चेहरा मेणाचा होतो. जिथे पातळी हळूहळू वळते तिथेच दोन रंगांच्या सीमेवर एकदा स्वच्छ कोरडा ब्रश फिरवा, आणि सोडा.

कडांकडे एक पूर्ण बैठक द्या. गालाची कडा मागच्या काळ्यावर कुठे चिरल्यासारखी स्पष्ट आहे आणि कुठे मऊ, ते बोटाने प्रिंटवर फिरत बघा. केसांची कडा आईच्या झग्यात जिथे मिसळते तिथे तिला हरवू द्या. सगळ्या कडा सारख्या धारदार ठेवल्या तर मुलगी कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

आईचा हात आधी हातमोज्यासारखा काढा, बोटं सुटी न करता. एक उजेडाची पातळी, एक सावलीची. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंतचा उतार बरोबर आला की मग बोटांमधल्या सावल्यांनी बोटं वेगळी करा, रेषांनी नाही. नखं म्हणजे फक्त एकदोन उजळ ठिपके. या हाताचं वजन खांद्यावर किती पडलंय ते जाणवायला हवं. माझ्या प्रतीत तो तिसऱ्या प्रयत्नात टेकला, तोवर हवेत तरंगत होता. बोटांखालच्या कापडावरची सावली मी फार फिकट धरली होती, एवढंच कारण निघालं.

थर, तेल आणि काळ्याचं बसणं

पहिल्या थरात रंगात थोडं स्पिरिट. दुसऱ्यात रंग ट्यूबमधून येतो तसा. शेवटच्यात जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त, याला फॅट ओव्हर लीन म्हणतात. तेलकट थर सावकाश वाळतो आणि लवचिक राहतो. तो खाली गेला आणि वर कडक, लवकर वाळणारा थर आला, तर खालचा हलत राहतो आणि वरच्याला तडे जातात. आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, म्हणून पहिल्या थरात तो एकटा न वापरता त्यात अंबर मिसळा.

वाळल्यावर काळे भाग मॅट, राखट आणि फिकट दिसायला लागतील, म्हणजे काळा ‘बसेल’. घाबरून त्यांच्यावर आणखी काळा चढवू नका. तेल खालच्या थरात शोषलं गेलेलं असतं, रंग बदललेला नसतो. पूर्ण वाळलेल्या त्या भागावर जवसाच्या तेलात थोडं स्पिरिट घालून चिंधीने अगदी पातळ चोळा आणि जास्तीचं पुसून घ्या. खरा टोन परत येतो आणि त्यावरच पुढचं काम जुळवता येतं.

बैठकीचा शेवट

जे जमलं नाही ते बैठक संपताना नाइफने खरवडून टाका. रात्रभर वाळलेला चुकीचा उंचवटा पुढच्या प्रत्येक थरातून डोकावतो. रंग फार दाट झाला असेल तर वर्तमानपत्राचा कागद त्यावर दाबून उचला, जास्तीचा रंग कागदाला लागून येतो आणि खाली छान मऊ खूण उरते. ब्रश आधी चिंधीने कोरडे पुसा, मग स्पिरिट, मग साबण आणि कोमट पाणी, फेस पांढरा येईपर्यंत.

आणि वहीत एक ओळ लिहा: आज देगाचा कोणता निर्णय कळला. ‘टेबलाचा पाय उभ्या रेषेसाठी’, ‘एप्रन करडा’, ‘हाताखाली सावली’ इतकंच पुरे.

प्रत पुरी झाल्यावर

चित्र अंधाऱ्या कपाटात वाळवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेड असलेल्या, पण थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर ठेवा. वॉर्निशला साधारण सहा महिने ते वर्षभर थांबा, जाड रंग असेल तर आणखी. तोवर धूळ बसू नये एवढं बघा.

पुढच्या बाजूला देगाची सही उतरवू नका. मागच्या बाजूला ‘एदगार देगा यांच्या बेल्लेली कुटुंब या चित्रावरून’, तुमचं नाव आणि वर्ष लिहा. देगा १९१७ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या चित्राची प्रत करायला हक्कांची अडचण राहत नाही. पण प्रत ही प्रत म्हणूनच ओळखली गेली पाहिजे. लूव्हरमध्ये आजही प्रतिकृती मूळ मापाची करू देत नाहीत, त्यामागे हेच आहे. आपल्या दोन्ही कॅनव्हासांवर हे आपोआप पाळलं जातं: पहिला मुळापेक्षा लहान आहे आणि दुसरा नुसता तुकडा.

वॉर्निशची वाट बघत असताना तिसरा कॅनव्हास जमिनीचा रंग लावून तयार ठेवा. त्यावर स्वतःच्या घरातली दोन माणसं बसवा, एकाच खिडकीच्या उजेडात, एक आपल्याकडे तोंड करून आणि एक थोडं वळून. कपडे गडद घालायला सांगा. मागे भिंत मधल्या टोनची हवी. रंगांचा क्रम तोच: भिंत, गडद कपडे, उजळ कापड, आणि सगळ्यात शेवटी चेहरे.